गोठ्याच्या वाशांचा पलंग

गेल्या माघात आम्ही गावचा गोठा उतरवला. गुरं जाऊन बरीच वर्षं झाली होती, एका बाजूची भिंत पावसात बसली होती आणि पुढच्या जूनपर्यंत छप्पर टिकेल याची खात्री नव्हती. मंगलोरी कौलं उतरवून रचून ठेवली आणि अंगणात लाकडांचा ढीग पडला: 11 वासे, 40 च्या आसपास रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), आढ्याचे दोन तुकडे आणि वैरणीच्या माळ्यावरच्या फणसाच्या दोन फळ्या. जुनं सामान घेणारा आला, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाई, हे जळण. जळणाच्या भावाने नेतो." मी दिलं नाही. त्याच ढिगातून आईचा पलंग झाला, तिच्या उशाकडचं स्टूल झालं आणि भिंतीवरचं खुंटाळं झालं.

बाबा सुतार होते. शाळेतून आले की करवतीचं दुसरं टोक धरायला मला बसवायचे. पुढे मी शिक्षिका झाले, पण हत्यारं सोडली नाहीत. या कामाबद्दल मला पुष्कळजण विचारतात. बहुतेकांची अडचण एकच असते: "लाकूड आहे, पण वाकडं आहे, गाठी आहेत, खिळ्यांची भोकं आहेत." तेवढ्यासाठीच हे लिहिते आहे. सरळ, निर्दोष सागवानात पलंग कसा करायचा ते कुणीही सांगेल.

फरक इथेच आहे. वखारीतून लाकूड आणताना आधी पलंगाचं चित्र काढतात आणि त्या मापाचं लाकूड घेतात. जुन्या, सदोष लाकडाचं उलट असतं. आधी प्रत्येक नगाचा दोष ओळखायचा, त्या दोषाला पलंगात अशी जागा शोधायची की तिथे तो काही बिघडवणार नाही, आणि मग माप ठरवायचं. माझा अर्धाअधिक वेळ यातच गेला. रंधा हातात घ्यायला तिसरा आठवडा उजाडला.

काय ठेवायचं, काय चुलीत घालायचं

पहिलं हत्यार म्हणजे दाभण. वाशाच्या दोन्ही टोकांना टोचा. वासा जिथे भिंतीवर टेकलेला होता आणि जिथे कौल फुटून गळत होतं, तिथे तर नक्की टोचा. कुजणं तिथूनच सुरू होतं. माझे वासे ऐनाचे, म्हणजे टणक जंगली लाकडाचे. चांगल्या ऐनात दाभण जोर लावूनही सूतभरच शिरतं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकडाच्या आणि लोखंडाच्या दुकानात अजून हीच भाषा चालते, म्हणून मीही मापं तशीच देते.) भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं दाभण आत गेलं, तर जिथे घट्ट लागेल तिथपर्यंत मागे या आणि तिथून आणखी वीतभर सोडून कापा. मग हातोडीने ठोकत चला. धड लाकूड खणखणतं, आतून पोखरलेलं भद्द वाजतं.

किडीची भोकं दिसली म्हणून लगेच टाकू नका. वासा काळ्या कापडावर आठ दिवस ठेवा. कापडावर पिठीसारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. काही पडलं नाही आणि भोकांच्या कडा काळवंडलेल्या असल्या, तर ती जुनी गोष्ट. ही पिठी पाडणारी कीड लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागातला स्टार्च खाते. आतल्या गडद गाभ्यात तिला काही मिळत नाही. माझ्या ऐनाच्या वाशांना वरवर चाळणी झाल्यासारखी दिसत होती, पण अर्ध्या इंचाचा फिकट थर रंध्याने काढल्यावर आत एक भोक नव्हतं. आंब्याचं तसं नाही. त्यात गाभा आणि बाहेरचा भाग असा धड भेद नसतो, म्हणून कीड आरपार जाते. किडका आंबा मी घरात घेतच नाही. वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तर लाकूड फोडूनच बघा, कारण वाळवी वरचं पापुद्र्याएवढं शाबूत ठेवून आतलं सगळं खाते.

माझ्या 11 वाशांतले 2 गेले. रिपांतल्या 9 गेल्या. बाकी ठेवलं.

खिळे काढणं हे कंटाळवाणं, पण टाळता न येणारं काम. अंबूर, छोटी पहार आणि खाली टेकायला लाकडाचा ठोकळा घ्या. गंजलेला खिळा डोक्यापाशीच तुटतो आणि मागे राहिलेला तुकडा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून लाकडावरून संथपणे फिरवा. जिथे ते ओढल्यासारखं होईल तिथे खडूने गोल करा. गिरणीवाल्याकडे लाकूड चिरायला नेणार असाल तर तो पहिला प्रश्न खिळ्यांचाच विचारतो. एकही राहिला असेल तर करवतीचं पातं जाऊ शकतं आणि माणसाला इजाही होऊ शकते. जिथे खिळा खोल तुटून राहिला तो तुकडा मी गिरणीत नेला नाही, हातानेच वापरला. ऐनात आणि सागात खिळ्याभोवती काळा डाग पडलेला असतो, तो लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा. त्याने लाकूड कमजोर झालेलं नसतं.

किडीसाठी मी बोरिक-बोरॅक्स वापरते. 1 लिटर गरम पाण्यात 40 ग्रॅम बोरिक पावडर आणि 60 ग्रॅम बोरॅक्स पूर्ण विरघळवायची. कोऱ्या लाकडाला ब्रशने दोन हात, मध्ये एक दिवस. टोकांना आणि भोकांच्या आजूबाजूला जास्त. भोकात इंजेक्शनच्या सिरिंजने सोडा. हातमोजे घाला आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. हे पाण्यात धुऊन जातं, म्हणून घरातल्या, कोरड्या जागच्या लाकडालाच उपयोगी. पॉलिशवर लावून काही होत नाही.

नंतर वाळवण. पडवीत, सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर रचलेल्या ढिगातच नवा वाक येतो. छपरातलं जुनं लाकूड आतून वाळलेलंच असतं, त्याला तीन-चार आठवडे पुरतात. ताजी चिरलेली फळी असेल तर इंचाच्या जाडीला वर्षभर हा जुना हिशोब धरा. उन्हात टाकून घाई केली तर टोकं फाटतात.

एक सांगायचं राहिलं. मी जुन्या छपराबद्दल बोलते आहे. नवीन झाड तोडणार असाल तर आधी वनखात्यात विचारा. साग, ऐन, किंजळ अशा झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते, आणि लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं तर वाहतूक पासाचीही चौकशी करा.

दोषांची वही

प्रत्येक वाशाला खडूने नंबर दिला आणि शाळेच्या जुन्या वहीत एकेका नंबराला एक ओळ. "4: दोन इंच वाक, गाठ मध्यावर, एका बाजूला सालीची कड." "6: पीळ, बाकी उत्तम." अशी.

वाक बघायला वाशाच्या एका टोकाला डोळा लावून कडेवरून नजर टाका. पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या घ्या, दोन्ही टोकांवर आडव्या ठेवा आणि एका पट्टीवरून दुसरीकडे बघा. दोन्ही समांतर दिसल्या तर पीळ नाही. एकीचं टोक वर दिसलं तर जितकं वर, तितका पीळ.

पिळलेल्या लाकडाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खरं म्हणजे त्याची सोय लावणं सर्वांत सोपं. पीळ लांबीभर वाटलेला असतो. माझा 6 नंबरचा वासा 9 फूट लांब आणि त्यात 6 सुतांचा पीळ, म्हणजे पाऊण इंच. हा बाजूची दांडी म्हणून सरळ करायचा तर रंधून रंधून अर्धा वासा भुशात गेला असता. पण त्याचे तीन फुटांचे तुकडे केले तर प्रत्येकात तिसरा हिस्सा, म्हणजे दोनच सूत पीळ उरतो, आणि तो रंध्याच्या थोड्याच हातांत जातो. पाय लांबीला कमी असतात, म्हणून पिळलेलं लाकूड पायांना.

वाकलेलं लाकूड लांब दांडीला चालतं, फक्त फुगवटा वर ठेवायचा. छपरात वर्षानुवर्षं कौलांचा भार घेऊन वासा खाली झुकलेला असतो. तो पलंगात उलटा बसवा. माणूस झोपला की भार त्याला सरळ करायला बघतो. दोन्ही बाजूंच्या दांड्या साधारण सारख्या वाकाच्या निवडा, एक वाकडी आणि एक सरळ घेतली तर पट्ट्या तिरक्या बसतात. 6 फुटांत 2-3 सुतांपेक्षा जास्त वाक असेल तर तो तुकडा आखूड कामाला काढा.

गाठीचं असं: दांडीवर भार आला की खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. दाबाखाली गाठ तग धरते, ताणाखाली तिथूनच चीर सुरू होते. म्हणून गाठ वरच्या कडेला किंवा पोटात चालेल, खालच्या कडेच्या मध्यभागात चालणार नाही. आणि सांध्यापासून गाठ किमान चार बोटं लांब हवी. गाठीत ना कुसू (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी, टोकाला कोरलेली जीभ) नीट निघतं, ना स्क्रू बसतो.

टोकाची चीर कापूनच काढायची, दिसते त्याच्यापुढे आणखी दोन इंच. मधली, लांबीला धरून गेलेली बारीक चीर बोल्टच्या वाटेत येत नसेल तर तशीच राहू द्या. वाळताना पडलेली असते, आणखी वाढत नाही. सालीची गोल कड आतल्या किंवा खालच्या बाजूला वळवा.

हे सगळं वहीत आलं की पलंग आपोआप ठरत जातो. 2 आणि 9 नंबर, सारखा हलका वाक, त्या बाजूच्या दांड्या. 5 नंबर सरळ पण टोकाला कुजका, त्यातून आडव्या दांड्या. 6 नंबर उशाचे पाय. पायथ्याचे पाय 2 आणि 9 च्या उरलेल्या तुकड्यांतून.

मापं

आधी गादी, मग पलंग. आईची कापसाची गादी 6 फूट बाय 3 फूट, दबल्यावर 4 इंच. म्हणून आतली मोकळी जागा 73 इंच बाय 37 इंच धरली. झोपणारं माणूस साडेपाच फुटांपेक्षा उंच असेल तर साडेसहा फुटी गादी घ्या आणि लांबी त्या हिशोबाने वाढवा.

वासे मुळात अडीच बाय चार इंचांचे होते, साफ केल्यावर सव्वादोन बाय साडेतीन राहिले. बाजूच्या दांड्या 73 इंचांच्या 2. आडव्या दांड्या 41 इंचांच्या 2, त्यात दोन्ही टोकांची 2-2 इंचांची कुसवं आली. उशाचे पाय 34 इंचांचे 2, पायथ्याचे 15 इंचांचे 2. दांडीची वरची कड जमिनीपासून 14 इंचांवर. गादी घातल्यावर बसायची उंची साडेसतरा इंच होते. आईचे गुडघे दुखतात, तिला त्याहून खालून उठवत नाही. मी तिला वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर बसवून, उठवून हे माप काढलं. तुमच्या घरात कोण झोपणार त्यावर हा आकडा बदला. खाली 10 इंच मोकळे राहतात, केरसुणी सहज जाते.

चारही बाजू गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक नगाची दोनच तोंडं नीट करायची: आतलं तोंड आणि वरची कड. आधी आतलं तोंड रंधून सपाट करा, मग वरची कड गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून त्याच्याशी काटकोनात आणा. या दोन बाजूंवर पेन्सिलने खूण करा आणि सगळी आखणी, सगळी मापं फक्त या दोन बाजूंकडूनच घ्या. मग बाहेरची बाजू थोडी कमीजास्त असली तरी सांधे बरोबर येतात. बाहेरच्या अंगावर वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, जुन्या खुणा होत्या, त्या मी राखल्या. गोठा बांधणाऱ्याच्या हातच्या त्या खुणा मला पुसाव्याशा वाटल्या नाहीत.

ऐनाच्या रेषा उलटसुलट असतात. एका दिशेने रंधा गुळगुळीत जातो आणि हातभर पुढे सालपटं उपटतो. पातं निसण्यावर वरचेवर लावा, अगदी पातळ काप ठेवा आणि रंधा सरळ न चालवता तिरका चालवा. तरीही उपटलं तर फुटक्या काचेच्या सरळ कडेने खरवडा, जाड हातमोजे घालून. बाबा अशा जागी रंधा ठेवून काचच घ्यायचे.

सांधे

आडव्या दांड्या पायांत कुसू-भोकाच्या सांध्याने कायमच्या बसवायच्या. लांब दांड्या बोल्टने, म्हणजे पलंग सुटा होतो. आमच्या माजघराच्या दारातून अखंड पलंग गेलाच नसता.

कुसू 5 सूत जाड, 3 इंच रुंद, 2 इंच लांब. भोक आधी, कुसू नंतर. पायात ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडून पटाशीने कडा सरळ करा. मग त्या भोकाला बेतून कुसू कापा, आखणीच्या रेघेच्या किंचित बाहेरून, आणि पटाशीने थोडं थोडं काढत जमवा. हाताने दाबल्यावर अर्धं जाईल आणि लाकडी हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांनी पूर्ण बसेल, इतकं घट्ट हवं. हातोड्याने बदडावं लागलं तर पाय फाटेल. फेविकॉल लावून दोरीने आवळा. क्लॅम्प नसले तर दोरीच्या दुहेरी फेऱ्यांत काठी घालून पीळ द्या, चांगला ताण येतो. दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आहे.

उशाच्या चौकटीत फळी घालायची असते. ती सरस लावायच्या आधी खाचेत घालावी लागते, हे विसरू नका. फळीचं पुढे सांगते.

सरस दोन दिवस वाळला की लांब दांड्या. दांडी पायाला तिच्या जागेवर धरा, आतली तोंडं एका रेषेत आणा आणि पायाच्या बाहेरून सरळ भोक पाडा, पायातून दांडीच्या टोकात सव्वातीन इंच आत. 3 सुती, 6 इंची बोल्ट लागेल. हे भोक आडव्या दांडीच्या कुसवातूनच जातं, म्हणजे बोल्ट आवळल्यावर ते कुसूही जखडलं जातं. दांडीच्या आतल्या तोंडावर, टोकापासून 3 इंचांवर, इंचभर चौकोनी खाच पटाशीने खोदा. त्यात वायसर आणि नट बसतो. बोल्टच्या डोक्याखालीही वायसर घाला, नाहीतर डोकं लाकडात रुततं. एका बोल्टवर दांडी फिरू नये म्हणून त्याच्या वर आणि खाली चार सुती लाकडी खुंटी घाला: दांडीत सरसाने पक्की, पायात अर्धा इंच मोकळी. प्रत्येक कोपऱ्याला आतून नंबर कोरा. हे सांधे एकमेकांशी अदलाबदल होत नाहीत.

उशाची फळी

यात मी एकदा चूक केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी श्रावणात, शाळेला सुट्टी होती म्हणून, आंब्याची 14 इंची फळी एका पलंगाच्या उशाला लावली आणि पायांना वर-खाली चार स्क्रू मारून घट्ट केली. दिसायला सुंदर झाली. माघात एका रात्री मोठा आवाज झाला आणि सकाळी बघते तर फळी मधोमध, या पायापासून त्या पायापर्यंत फुटलेली. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन रुंदीत फुगतं, थंडीत सुकून आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच बदल होत नाही. फळीला आकसायचं होतं, पायाच्या उभ्या लाकडाला काही आकसायचं नव्हतं आणि स्क्रू दोघांना सोडत नव्हते. दहा-अकरा इंचांच्या फळीत कोकणातल्या हवेत सूतभर, कधी त्याहून किंचित जास्त फरक पडतो असं धरूनच चाला.

म्हणून आता फळी खाचेत सुटी ठेवते. दोन्ही उशापायांच्या आतल्या तोंडांवर, जमिनीपासून 20 ते 31 इंचांपर्यंत, 4 सूत रुंद आणि 4 सूत खोल खाच. फणसाची फळी साडेदहा इंच रुंद होती, म्हणजे वर अर्धा इंच मोकळा. टोकं पातळ करून खाचेत जातील अशी केली. खालच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना पायातून एकेक खुंटी मारली, वरची कड पूर्ण मोकळी. फळी फुगली तर वर सरकते, आकसली तर खाली येते. सरस अजिबात लावायचा नाही.

त्या फळीला एका टोकाकडून 9 इंचांची चीर होती. ती बुजवली नाही. भुसा आणि फेविकॉलचं बुजवण वर्षभरात निसटतं आणि पॉलिशखाली डाग दिसतो. चिरेवर दोन डमरू बसवले. ऐनाचा अडीच इंच लांब तुकडा घ्या, रेषा लांबीला हव्यात. टोकं इंचभर रुंद, कंबर अर्धा इंच. फळीवर चिरेला आडवा ठेवून सुरीने त्याची कड आखा, 3 सूत खोल खोदा, सरस लावून ठोका आणि वर उरलेलं रंधून सपाट करा. दोन्ही बाजूंचं लाकूड डमरूच्या कमरेत अडकतं, चीर पुढे जात नाही. ताज्या फणसाची पिवळी फळी आणि काळपट डमरू फार छान दिसतात. माझी फळी जुनी, तपकिरी झालेली, तरी डमरू उठून दिसतात. आई येणाऱ्याजाणाऱ्याला तेच दाखवते.

पट्ट्या

रिपा जवळपास 2 इंच बाय 1 इंच, तशाच वापरल्या. प्रत्येक रीप दोन विटांवर आडवी ठेवायची, आधार धरायचा आणि मध्यावर एका पायाने पूर्ण भार द्यायचा. कडकड वाजली तर बाहेर. खिळ्याचं भोक किंवा गाठ मधल्या एक फुटात आली तरी बाहेर. अशा 24 पास झाल्या. 18 आडव्या लागल्या, 2 उभ्या करून बाजूच्या दांड्यांना आतून, खालच्या कडेशी, आठ-आठ इंचांवर स्क्रू आणि सरस लावून आधार म्हणून बसवल्या. नटाच्या खाचेसमोर हा आधार 2 इंच तोडून मोकळा ठेवा, म्हणजे पाना जातो.

आडव्या पट्ट्यांची लांबी 37 इंचांपेक्षा 2 सूत कमी. फुगवटा वर. पहिली पट्टी थेट उशाकडच्या दांडीला चिकटून, शेवटची पायथ्याला, मधल्यांमध्ये 2 इंचांहून सूतभर जास्त अंतर. तेवढ्या मापाचा एक ठोकळा कापून ठेवा, दर वेळी टेप काढावी लागत नाही. टोकाला एकेक स्क्रू. ऐनात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका, मान मोडते. स्क्रूला कपड्याचा साबण चोळला की सहज जातो. पितळी किंवा स्टेनलेस घ्या, साध्या लोखंडाने पावसाळ्यात काळे डाग येतात.

पुण्यातल्या भाच्याकडे गोठा नाही. त्याने पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड आणून हाच पलंग केला. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. परदेशी मालाच्या पेटीवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेलं आहे, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस आणि 30 मिनिटं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते झोपायच्या खोलीत नको. शिक्का नसलेलं, तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेलंही नको. दुसरं, पाइन मऊ असतं. दांड्या पाच इंच उंचीच्या करा, पट्ट्यांच्या खाली मध्यभागी लांबीभर एक दांडी आणि तिला मध्ये एक पाय द्या, नटाखाली मोठा वायसर घाला.

उरल्यासुरल्याचं

ज्यांनी कधी पटाशी धरली नाही त्यांनी पलंगापासून सुरुवात करू नये. खुंटाळ्यापासून करा. दोन फुटांची एक फळी, त्यात सहा-सहा इंचांवर 4 सुती भोकं, किंचित वर तोंड करून पाडलेली, आणि त्यांत ठोकलेल्या खुंट्या. भोकं सरळ पाडली तर कपडे घसरतात. यातच भोक आणि खुंटी जमवणं हाताला कळतं. गाठी फळीत कितीही असोत, फक्त खुंटीच्या भोकाशी नकोत.

स्टूल उरलेल्या तुकड्यांचं. उंची गादीएवढी ठेवा, म्हणजे झोपून पाण्याचा तांब्या घेता येतो. वरची फळी पायांच्या चौकटीला स्क्रूने जोडताना स्क्रूचं भोक फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा. कारण तेच, फुगणं आणि आकसणं.

खिळ्यांच्या दिसणाऱ्या भोकांत मी बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि पटाशीने सपाट कापल्या. मग 80 आणि 150 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटांनी वरचं तेल कापडाने पुसून घ्यायचं, दोन दिवस थांबायचं. ते तेलकट कापड गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. चपडा लाखेचं पॉलिश जास्त चमकतं, पण गरम चहाचा पेला टेकला की पांढरा डाग राहतो, म्हणून स्टुलाला नको. काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे बाहेरच्या लाकडाला लावतात. ते अंगावर भाजतं, घरातल्या वस्तूंना लावू नये.

पायांच्या तळांना मात्र विसरू नका. लादी पुसताना तिथलं उघडं टोक पाणी शोषत राहतं आणि पलंग तिथून कुजायला लागतो. पाय उलटे करून तळाला तेल पाजत राहा, पिईल तितकं, आणि मग रबराच्या गुंड्या मारा.

पहिला पावसाळा गेला की दिवाळीच्या सफाईत पाना घेऊन पलंगाखाली जा. लाकूड एकदा फुगून आकसलेलं असतं, नट थोडे सैल पडतात. माझ्या चारही नटांना अर्धा-पाऊण आटा लागला. पुढच्या वर्षी पुन्हा बघेन.